जुनं विमान उडतं ठेवायला पैसे कुणी दिले, आणि तरी ते थांबलं कशामुळे?

आज व्हिडिओमध्ये फंड उभा करण्याबद्दल बोललो, त्यातल्या दोन केसेस इथे जरा सविस्तर देतो.

कल्याण-शीळ रोडवर बजाजची 'व्ही' बाइक दिसली की मला 'विक्रांत' आठवते. आपली पहिली विमानवाहू युद्धनौका, १९६१ ते १९९७ नौदलात होती. २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोक ती बघायला जायचे, २०१२ मध्ये तेही बंद झालं. खाजगी भागीदार काही मिळाला नाही. २०१४ मध्ये लिलाव झाला आणि सुमारे ६० कोटींना ती भंगारात गेली. तिचं थोडं पोलाद त्या बाइकमध्ये आहे. प्रेम सगळ्यांचं होतं हो, पण दरवर्षीची देखभाल कोण भरणार?

दुसरी केस ब्रिटनची. 'व्हल्कन एक्सएच ५५८' हे १९६० सालचं बॉम्बर विमान. १९९३ मध्ये हवाई दलाने विकून टाकलं. डॉ. रॉबर्ट प्लेमिंग आणि त्यांच्या टीमने ठरवलं, हे परत उडवायचं. तिकडे लॉटरीच्या पैशातून वारसा जपणारा एक फंड आहे, त्याने २७ लाख पौंड दिले. काम सुरू झालं आणि खर्च वाढत गेला. (आपल्या दुकानाच्या फर्निचरचं होतं ना, तसंच.) मग २००६ मध्ये त्यांनी लोकांना सरळ सांगितलं: ऑगस्ट संपायच्या आत १२ लाख पौंड हवेत, नाहीतर काम बंद.

इथे थांबा आणि नीट बघा. 'आम्हाला सपोर्ट करा' एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. रक्कम सांगितली, तारीख सांगितली, नाही मिळाले तर काय होईल तेही सांगितलं. सामान्य माणसांनी छोट्या छोट्या रकमा पाठवल्या, आणि सर जॅक हेवर्ड या उद्योजकाने एकट्याने ५ लाख पौंड दिले. १८ ऑक्टोबर २००७ ला विमान उडालं.

पण उडालं म्हणजे खर्च संपला का? उलट सुरू झाला. वर्षाला अंदाजे २० लाख पौंड. हेच ते खेळतं भांडवल, जे आपल्याकडच्या निम्म्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं. मशीनचं कोटेशन पानभर, आणि पहिले सहा महिने भाडं, लाइट बिल, पगार कुठून येणार याचा पत्ता नाही! ही टीम मात्र दरवर्षी लोकांसमोर परत गेली आणि हिशोब मांडला.

२०१२ मध्ये एक चूक महागात पडली. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या हवा आत जाण्याच्या मार्गात राहून गेल्या, त्या इंजिनात खेचल्या गेल्या आणि दोन इंजिनं गेली. जपून ठेवलेली इंजिनं होती म्हणून काही आठवड्यांत विमान परत उडालं. पण तशी इंजिनं आता कुणी बनवत नाही. पुढे बीएई सिस्टिम्स, मार्शल आणि रोल्स-रॉईस या तिन्ही कंपन्यांनी तांत्रिक जबाबदारी पुढे घेता येणार नाही असं कळवलं. त्यांच्या सहीशिवाय उड्डाणाची परवानगी नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये शेवटचं उड्डाण झालं. देणगीदार होते, तरीही.

आमच्या ठाण्याच्या बॅचला डोंबिवलीचे एक काका आले होते. जुनं ऑफसेट प्रिंटिंग मशीन घ्यायला लोन हवं होतं. कागद अगदी चोख. मी विचारलं, "काका, हे बिघडलं तर कोण येतं?"

"आहेत एक मिस्त्री. हे मशीन त्यांनाच कळतं."

"वय काय त्यांचं?"

"असतील सत्तरीचे." आणि काका गप्प झाले.

मशीन त्यांनी घेतलंच. पण आधी पुतण्याला त्या मिस्त्रींच्या हाताखाली सहा महिने शिकायला पाठवलं, आणि त्याचा त्या सहा महिन्यांचा पगार लोनच्या हिशोबात धरला.