कानगोष्टीचा खेळ आणि ऐकीव गोष्टीची पारख

कानगोष्टीचा खेळ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दहा-बाराजण गोल करून बसतात. पहिला दुसऱ्याच्या कानात एक वाक्य हळूच सांगतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि शेवटचा ते मोठ्याने बोलून दाखवितो. एकदाच सांगायचे, पुन्हा विचारायचे नाही, हा नियम. समजा, सुरुवात झाली, 'मावशी शनिवारी भुसावळहून येणार, बारा केळी आणून ठेवा.' शेवटी निघते, 'मावशी भुसावळला केळी विकणार!' सगळे पोट धरून हसतात.

हसून झाल्यावर विद्यार्थ्यांनी प्रत्येकाला विचारावे, तू काय ऐकलेस? मग कळते की, खोटे कोणीच बोललेले नाही. एकाने वार गाळला, दुसऱ्याने आकडा. तिसऱ्याला अर्धेच ऐकू आले, उरलेले त्याने अंदाजाने भरले. चौथ्याने मनातल्या मनात अहिराणीत समजून घेऊन पुन्हा मराठीत सांगितले. आता दुसरा डाव खेळावा. ऐकणाऱ्याने वाक्य सांगणाऱ्याला परत म्हणून दाखवावे आणि मगच पुढे द्यावे. या डावात वाक्य बहुधा शाबूत राहते.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. परंपरेनुसार तेथे उपालींनी विनय व आनंदांनी धम्म सांगितला. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे. दहाजण एका सुरात म्हणतात तेव्हा एकाची चूक नऊजणांच्या कानाला खटकते. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहिले जाईपर्यंत भाणकांनी ते असेच मुखोद्गत राखले. तरीही चुका होतातच. तथागतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास झाला होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात सुत्तांतील पाच उदाहरणे देऊन दाखविले आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हाच केसपुत्त येथील कालामांना केलेला उपदेश होता.

ही पारख सुटली म्हणजे काय होते, हे आपल्या खान्देशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे भटके लोक होते. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली.

खेळात शब्द बदलतो म्हणून आपण हसतो. मोबाइलवर शब्द बदलत नाही, खोटे जसेच्या तसे हजारोंपर्यंत पोहोचते. तेव्हा मर्यादा यंत्रावर घालून भागत नाही, ती आपल्या बोटावर व जिभेवर हवी. पुन्हा विचारायचे नाही, हा नियम फक्त खेळातला आहे. संसारात तीन प्रश्न जरूर विचारावेत : प्रत्यक्ष कोणी पाहिले? कोठे व केव्हा? तुम्हाला कोणी सांगितले? उत्तर मिळाले नाही, तर ती गोष्ट आपल्यापाशीच थांबवावी.

पालकांनी घरी व विद्यार्थ्यांनी वर्गात हे दोन्ही डाव अवश्य खेळून पाहावेत, अशी आमची विनंती आहे.