जांघेतला हर्निया : अवघड जागेचे दुखणे लपवू नका

भारतातून आलेले आई-वडील गुडघेदुखी सांगतात, पित्ताची तक्रार करतात. जांघेतल्या गाठीबद्दल मात्र गप्प राहतात. एक तर जागा अवघड, शिवाय 'मुलांना अमेरिकेत खर्चात कशाला पाडा?' ही भीती. ही गाठ पुष्कळदा हर्निया, म्हणजेच अंतर्गळ असते.

जांघेपाशी पोटाची भिंत कमजोर झाली की तेथून चरबी किंवा आतड्याचा भाग बाहेर येतो. उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगवटा दिसतो, आडवे झाल्यावर बहुधा आत जातो. औषधाने वा पट्ट्याने हे छिद्र बुजत नाही.

ऑपरेशन कसे करतात?
जांघेवर साधारण दोन-अडीच इंचांचा छेद घेऊन बाहेर आलेला भाग आत सारतात. पूर्वी स्नायू ओढून टाके घालत. त्या ताणामुळे दुखे आणि हर्निया पुन्हा उद्भवे. लॉस एंजेलिसच्या डॉ. लिक्टेन्स्टाईन यांनी 1980 च्या दशकात ताण न देता वर प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी शिवण्याची पद्धत रूढ केली. दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी तर निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून हा खर्च गरिबांच्या आवाक्यात आणला. युगांडात तशाच स्वस्त जाळीची तपासणी झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ती वर्षभरानंतर महागड्या जाळीइतकीच चांगली ठरली.

हे ऑपरेशन फक्त तेवढी जागा बधिर करूनही होते. त्यामुळे हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या वृद्धांना ते सोयीचे पडते. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला कमी दुखते, पण त्याला सहसा पूर्ण भूल लागते.

थांबावे का?
पुरुषांना त्रास नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबता येते. स्त्रियांनी मात्र थांबू नये; त्यांच्यात आतडे अडकण्याचा धोका जास्त असतो. गाठ कडक झाली, आत जाईना, खूप दुखू लागली, उलट्या झाल्या तर ताबडतोब 911 ला फोन करा. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. गाठ जोराने दाबू नका, खायला-प्यायला देऊ नका. पैशांसाठी अडून राहू नका : 1986 च्या कायद्यानुसार इमर्जन्सी रूमला रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मात्र नंतर येते.

खर्चाचे गणित
पाहुण्यांच्या विमा पॉलिसीत जुने आजार बहुधा धरत नाहीत. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच आई-वडिलांची तिकडे तपासणी करून घ्या. ऑपरेशन ठरले तर ते आटोपून, सर्जनने परवानगी दिल्यावरच विमानप्रवास. जड बॅगा उचलणे बंद. स्वतःचे ऑपरेशन असेल तर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हॉस्पिटल हे तिघेही आपल्या प्लॅनमध्ये आहेत का ते विचारा. यंदाचे डिडक्टिबल भरून झाले असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने वर्ष संपण्याआधीची तारीख घ्या.

येत्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा एवढे जरूर विचारा. आपण विचारल्याशिवाय ते सांगणार नाहीत.