खालच्या काकू आणि माझा डग्गा

गेली अकरा वर्षं मी पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत तबल्याचा क्लास घेतो. क्लास सुरू होऊन महिना झाला नसेल, तोच खालच्या काकूंनी बेल वाजवली. भांडायला नव्हत्या आल्या. म्हणाल्या, "सर, मुलं छान वाजवतात हो. पण तुमचा तो 'धिन' आमच्या वरणाच्या वाटीत उतरतो." मग जे उद्योग केले, त्यातून हाताला लागलेलं हे थोडंफार.

१. घुमणं वेगळं, जाणं वेगळं.

हे आधी कळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते. दुकानदाराने 'साउंडप्रूफ' म्हणून टोकं-टोकं असलेला काळा फोम गळ्यात मारला. भिंतीला चिकटवला, टाळी वाजवली, खोली एकदम शांत! खूश होऊन खाली गेलो, तर काकूंची वाटी तशीच. फोम खोलीतल्या खोलीत आवाज पितो. पलीकडे जाणारा अडवायचं बळ त्याच्यात नसतं. दुकानात करायची माझी साधी चाचणी अशी : तुकडा तोंडाला लावून फुंकर मारायची. आरपार गेली, तर तो शोषेल, पण अडवणार नाही. थर्माकोलमध्ये फुंकर शिरतच नाही, म्हणून तो शोषत नाही. आणि वजन नाही, म्हणून अडवतही नाही.

२. अंड्यांचे ट्रे.

लावू नका. झुरळं होतात.

३. अडवायला वजन लागतं, आणि तेही पुरत नाही.

भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने उतरतो. कानाला 'निम्मा झाला' वाटायला १० लागतात. म्हणजे चार इंची विटांच्या भिंतीची नऊ इंची केली, खोली तेवढी लहान झाली, तरी शेजाऱ्याला म्हणावा तेवढा फरक नाही. पण आहे ते वजन घालवू तरी नये. माझ्या भावाच्या नव्या इमारतीत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या आहेत. उन्हाळ्यात बऱ्या. मात्र शेजारी शिंकला की वहिनी इकडून "सत्य आहे" म्हणते.

४. जिथून उजेड, तिथून आवाज.

एवढं सगळं केलं आणि दाराखालची बोटभर फट राहिली. रात्री आतला दिवा लावून, बाहेरचा घालवून पॅसेजमध्ये उभं राहा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून सगळं ऐकू जातं. भिंत कितीही जाड असो, शंभरात एक भाग उघडा राहिला तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. जुन्या घरांना उंबरठे होते. आता फरशी सलग हवी असते सगळ्यांना. मी सुताराकडून सागवानी उंबरठा बसवून घेतला, चौकटीला रबराची पट्टी मारली. सरकत्या खिडकीच्या जागी बाहेर उघडणारी, घट्ट बसणारी खिडकी केली, कारण सरकत्या खिडकीत दोन काचांमध्ये नुसती ब्रशची पट्टी असते. मुलं उंबरठ्याला अडखळतात. आई खूश आहे.

५. डग्गा भिंतीतून जातच नव्हता.

तो जात होता फरशीतून. चुंबळीवर ठेवला तरी थाप खाली उतरते आणि स्लॅब तबल्याच्या पुडीसारखा थरथरतो. इथे जडपणाचा फारसा उपयोग नाही, मध्ये काहीतरी मऊ हवं. सतरंजी घातली, काही झालं नाही. मग प्लायचे दोन थर एकावर एक घेऊन चौथरा केला, खाली जाड रबराचे तुकडे. काकू खाली फोन धरून बसल्या.

"आता?"

"आहे."

"आता?"

"आहे हो, सर."

तासभर हेच. शेवटी चौथऱ्याखाली बॅटरी मारली तेव्हा दिसलं : सुताराने, हलू नये म्हणून, मागच्या कोपऱ्यात एक खिळा ठोकून चौथरा भिंतीला जोडला होता. सगळी मेहनत त्या एका खिळ्यातून खाली उतरत होती. तो उपटला, चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली. काकू म्हणाल्या, "हं. आता पलीकडच्या इमारतीत वाजतंय असं वाटतं."

६. फार प्यायला लावलं की तबला मुका होतो.

इंचभर फोम चाटेचा टणत्कार गिळतो. डग्ग्याचा खर्ज त्याला हात लावू देत नाही. १०० हर्ट्झची लाट सुमारे ३.४ मीटर लांब, तिला इंचभराची काय तमा! त्यामुळे माझ्या खोलीत 'ना' मेला आणि 'घे' तेवढा भोंगत राहिला. मुलं चाटेवर उगाच जोर लावायला लागली. निम्मा फोम काढला, पुस्तकांचं कपाट आणलं, कोपऱ्यात भिंतीपासून वीतभर लांब कापसाची जुनी गादी उभी केली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंद लागत. पहाटेपर्यंत गाद्या परत जागेवर. माझी एकच गादी होती, पण ती इकडून तिकडे ओढताना तो मला फार जवळचा वाटला. माणसंही आवाज पितात, हेही त्याने मोजलं होतं. सहा मुलं बसली की माझी खोली वेगळीच बोलते, त्यामुळे गादीची जागा मुलं असतानाच ठरवावी.

७. उपाय वाजतं तिथे.

आता आमच्या वरच्या मजल्यावर नवीन कुटुंब आलंय. रात्री अकराला जेवतात आणि खुर्च्या ओढतात. छताला खालून काहीही चिकटवलं तरी तो आवाज पुरता थांबायचा नाही, तो वर खुर्चीच्या पायाशीच थांबायला हवा. चौथऱ्याचं रबर उरलं होतं, त्याचे सोळा तुकडे कापून ठेवलेत. पण तबलेवाल्याने वर जाऊन आवाजाची तक्रार कोणत्या तोंडाने करायची? काकू म्हणाल्या, "द्या इकडे, मी जाते."