तहान नाही, म्हणून पाणी नको?

प्रश्न : आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. इकडे आंबा घाटाचा पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्या दिवसात दोन फुलपात्रीही पाणी पीत नाहीत. म्हणतात, "तहान लागली की पीन." शरीराला गरज असती तर तहान लागली नसती का?
– एक वाचक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

उत्तर : तरुणपणी तहानेवर विसंबता येतं, उतारवयात नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांना आणि ६७ ते ७५ वयाच्या धडधाकट पुरुषांना २४ तास पाणी दिलं नाही. नंतर पाणी पुढे ठेवलं, तर गरज असूनही वयस्करांना तहान कमी लागली आणि ते प्यायलेही कमी. शिवाय या वयात मूत्रपिंडांची पाणी राखण्याची ताकद घटते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. पावसाळ्यात घाम आला नाही, तरी हे चालूच असतं.

पण मला वेगळीच शंका येते. संडास परसात आहे का? शेवाळलेली फरशी, अंधार, दुखरे गुडघे. रात्री उठावं लागू नये म्हणून कितीतरी बायका मुद्दाम पाणी तोडतात आणि सुनेला सांगायला संकोचतात. त्यांना एकदा मायेनं विचारा. वाटेवर दिवा, धरायला दांडा, रात्रीपुरती खाटेजवळ कमोडची खुर्ची, एवढं आधी करा. पाणी दिवसा जास्त द्या, दिवेलागणीनंतर बेतानं.

युरोपातल्या आहारतज्ज्ञांनी वयस्कर स्त्रियांसाठी दिवसाला किमान १.६ लिटर पेयं सांगितली आहेत. त्यात चहा, दूध, ताकही धरतात. भरला तांब्या उशाशी ठेवून भागत नाही; तो थरथरत्या हाताला पेलत नाही. अर्धं फुलपात्र कोमट पाणी हातात द्या, तेही वरचेवर. नाचणीची आंबील, आमसुलाचं सार, पातळ कट त्या आवडीनं घेतील. मीठ मात्र बेताचं.

कातडी चिमटून किंवा लघवीचा रंग पाहून या वयात खात्रीचा अंदाज येत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, पायांवर सूज असेल, तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. आणि त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या, गुंगीत राहिल्या किंवा उठताना तोल जाऊ लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.