शंभर ध्वनिफिती नखावर!

दिवाळी जवळ आली की घरोघर आवराआवर सुरू होते. समजा, तुम्ही बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारला राहता आणि तुमच्या घरातल्या माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली उतरवली गेली. आत वीस-पंचवीस जुन्या कॅसेटी आहेत. काही कीर्तनाच्या, काही सिनेमाच्या गाण्यांच्या. एकीवर मात्र निळ्या शाईने लिहिले आहे : 'हळद, १९८६'. आत्याच्या लग्नाची हळद दळताना आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्या फितीत आहेत. आजी आता नाही. आई म्हणते, "हा पसारा भंगारात घाला. ऐकतंय कोण?" आणि भंगारवाला तर दारात उभा!

आईचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. बाजारात मिळणारी सिनेगीते दुसरीकडेही ऐकता येतात. त्या कॅसेटी खुशाल जाऊ द्या. पण 'हळद' जगात एकच आहे. तिच्यातला आवाज बाहेर कसा काढायचा, ते आज पाहू.

आधी फितीत आवाज असतो कसा? कॅसेट उघडून पाहिलीत तर ३.८१ मिलिमीटर रुंदीची तपकिरी प्लॅस्टिकची पट्टी दिसेल. तिचा तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका प्रकारच्या गंजाचाच. आवाज मुद्रित करताना त्याच्या कंपनांनुसार या कणांचे चुंबकत्व कुठे जास्त, कुठे कमी होते. हीच पट्टी पुन्हा यंत्राच्या 'हेड'समोरून सरकली की बदलत्या चुंबकत्वामुळे तिथल्या तारेच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरडेचा हा शोध तुम्ही पुस्तकात वाचला असेलच. चुंबकीय ध्वनिमुद्रणाची युक्ती डेन्मार्कच्या पॉल्सनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर करून दाखवली. आपल्या ओळखीची छोटी कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली.

हे कण पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेले असतात. ते चिकटद्रव्य दमट हवा शोषते आणि उन्हाने खराब होते. शिरूरकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. घर काही महिने बंद, आत धूळ आणि उंदीर. परत यावे तो पत्र्याखाली वैशाखाचा ताव. फितीला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

आता या चढत्या-उतरत्या प्रवाहाचे आकडे कसे करायचे? त्यासाठी सिंदफणेच्या काठावर चला. रोज सकाळी सात वाजता नदीच्या पाण्याची उंची मोजून वहीत लिहिली, तर त्या वहीवरून नदी कशी वाहिली हे कोणालाही सांगता येईल. पण रात्री अकराला पूर आला आणि पहाटे ओसरला तर? वहीत तो पूर आलाच नाही! म्हणून बदल जितका झटपट, तितके मोजमाप वारंवार हवे. किती वारंवार? सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा. माणसाचा कान सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २०,००० कंपने ऐकतो, म्हणून संगणकात सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेण्याची पद्धत आहे. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. भागाकार करून पाहा : मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढ्या फितीला एक आकडा!

मोजपट्टीही बारीक हवी. पाण्याची उंची फुटात मोजली तर दोन-चार इंचांचा चढ कळणार नाही. इथे प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात, म्हणजे मोजपट्टीवर ६५,५३६ पायऱ्या असतात.

मग जागा किती लागेल? १६ बिट म्हणजे २ बाइट. ४४,१०० × २ = ८८,२०० बाइट एका सेकंदाला. तासाला, म्हणजे ३,६०० सेकंदांना, ३१,७५,२०,००० बाइट. सुमारे ३१८ मेगाबाइट. घरगुती जुने मुद्रण बहुधा एकाच मायक्रोफोनचे असते, त्यामुळे एकच मार्ग पुरे. ३२ गिगाबाइटच्या, नखाएवढ्या मेमरी कार्डात अशा तासाभराच्या सुमारे शंभर कॅसेटी मावतील.

प्रत्यक्ष काम करताना घाई करू नका. चालू टेपरेकॉर्डर शेजारीपाजारी शोधून पाहा. आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावून पाहा. यंत्राने फीत खाल्ली तर ती खाऊ दे! हेड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन इवल्याशा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की चुकून नवे मुद्रण होत नाही. हे मी आवर्जून सांगतो, कारण शाळेत असताना मी एका जुन्या भजनावर क्रिकेटचे धावते समालोचन मुद्रित करून ठेवले होते. ते भजन म्हणणारे गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत.

मोबाइल टेपरेकॉर्डरच्या तोंडाशी धरू नका. पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातली भांडी त्यात येतील. कानाला लावायच्या यंत्राच्या भोकातून वायर थेट संगणकात न्या. आवाजाची पातळी थोडी कमीच ठेवा. मोजपट्टीच्या वर गेलेला आवाज कापला जातो, आणि कापलेली टोके पुन्हा जोडता येत नाहीत. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात. तेवढ्या वेळात घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. "ही दुसरी कोण गाते?" असे विचारा आणि उत्तर वहीत लिहा. कोणाचा आवाज ते फितीवर कुठेच लिहिलेले नसते.

हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; अनेकींचे आवाजही मुद्रित झाले. सिंदफणा खाली जिथे धरणाने अडवली आहे, त्या माजलगावात १९९६ मध्ये असे मुद्रण झाले. २०१७ पासून 'परी' या संस्थेच्या संग्रहातून त्या ओव्या कोणालाही ऐकता येतात.

कॅसेटची नक्कल, नकलेची नक्कल करत गेले की दर वेळी खरखर वाढते. आकड्यांची नक्कल मात्र हुबेहूब होते. पण कार्ड बिघडले तर सगळेच एकदम जाते. म्हणून दोन प्रती करा, एक मामाच्या घरी ठेवा. मूळ 'हळद' टाकू नका. ट्रंकेतून काढून कपाटात, सावलीत ठेवा.

आणखी एक. संगणकात खरखर पुसण्याची सोय असते. ती वापरायची तर आधी मूळ प्रत वेगळी ठेवा. कारण यंत्राला फितीची खरखर आणि जात्याची घरघर यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही, आणि ओवीचा ताल तर जात्याच्या फेऱ्यावरच धरलेला आहे.