मर्यादित खर्चात इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय

तालुक्याच्या ठिकाणी संशोधन करणाऱ्या अभ्यासकाला एखादा जुना अहवाल किंवा नियतकालिकाचा अंक हवा असला, तर बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. अंक सापडला, तरी त्याची पाने हाताळतानाच तुटतात. असे साहित्य जतन व्हावे व दूरच्या वाचकालाही मिळावे, हा इलेक्ट्रॉनिक ग्रंथालयाचा हेतू होय. हे कार्य मोठ्या निधीवाचून होणार नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही.

प्रणाली विनामूल्य

ग्रंथांच्या नोंदी व देवघेव यांसाठी ‘कोहा’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती तयार झाली व २००० साली वापरात आली. प्रत्यक्ष मजकूर साठविण्यासाठी ‘डीस्पेस’ व ‘ग्रीनस्टोन’ या प्रणालीही विनामूल्यच आहेत. तेव्हा उपलब्ध निधी प्रणालीवर न वेचता स्कॅनर, प्रशिक्षित कर्मचारी व नोंदींचे काम यांसाठी राखून ठेवावा.

निवड कशाची करावी?

जे अन्यत्र उपलब्ध आहे, त्याचे पुन्हा स्कॅनिंग करू नये. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर, तर इतर बरेचसे साहित्य राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात पाहता येते. आपण हाती घ्यावे ते स्थानिक साहित्य : गावची साप्ताहिके, नगरपालिकेचे अहवाल, संस्थांच्या स्मरणिका, हस्तलिखिते. ते आपण जपले नाही, तर अन्य कोणी जपण्याचा संभव थोडा.

येथे स्वामित्वहक्काचा विचार आवश्यक आहे. सर्वसाधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. आपल्या संग्रहातील ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. परंतु त्यामुळे ती प्रत सर्वांना खुली करण्याचा अधिकार मिळत नाही.

नोंद हाच पाया

पानांची चित्रे साठविली म्हणजे ग्रंथालय झाले असे नाही. एका ठिकाणी ‘वि. का. राजवाडे’, दुसरीकडे ‘इतिहासाचार्य राजवाडे’ अशी नोंद झाली, तर एकाच लेखकाचे ग्रंथ विखुरले जातात व अभ्यासकाला अर्धेच सापडतात. म्हणून नावाचे एकच रूप ठरवून घ्यावे. नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. जुन्या फाँटमधील मजकूर शोधात येत नाही. मूळ प्रत कोठे आहे, हेही नोंदवावे.

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी. एकच हार्ड डिस्क बिघडली, तर वर्षांचे श्रम क्षणात नाहीसे होतात.

प्रारंभ शंभर ग्रंथांनी केला तरी चालेल. शिक्षकांनी निवडीस व पंचायत सदस्यांनी घरोघरचे साहित्य मिळविण्यास साहाय्य केले, तर अल्प निधीतही हे कार्य निश्चित सिद्धीस जाईल.