चहाविना चहा

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे दक्षिणेत असूनही तेथे हिवाळ्याचा गारवा जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणतः १५-१६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. शहराच्या वायव्य भागातील यशवंतपूर मात्र थंडीतही लवकर जागे होते. रेल्वे स्थानकावर आणि बाजारसमितीच्या आवारात कामाची लगबग सुरू होते. अशा वेळी हाताला ऊब देणारा पेला हवाहवासा वाटतो. तो कॉफीचा असतो, चहाचा असतो आणि काही घरांत पुदिन्याचाही असतो.

सकाळी कॉफीची तरतरी हवीच असते. प्रश्न असतो तो संध्याकाळचा. चहाच्या पानांत आणि कॉफीच्या बियांत कॅफीन हे द्रव्य असते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसीन साठत जाते व झोप येऊ लागते. कॅफीन त्याचे कार्य काही काळ रोखून धरते. थकवा नाहीसा होत नाही. तो केवळ जाणवत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्म्याचा निचरा होण्यास प्रौढ व्यक्तीच्या शरीराला सरासरी पाच तास लागतात. म्हणून रात्री आठला घेतलेल्या चहाचा अंमल मध्यरात्रीनंतरही उरतो. पहाटे कामावर जाणाऱ्याची झोप त्यात खर्ची पडते.

पुदिन्यात कॅफीन नसते. तथापि नावामुळे येथे घोटाळा होतो. महाराष्ट्रात आले, गवती चहा किंवा पुदिना घालून केलेल्या चहात बहुधा चहाची पूडही असते. अर्थात, त्यात कॅफीनही असते. केवळ पुदिन्याच्या पानांच्या पेयाला 'चहा' म्हणणे हा भाषेतील उपचार होय. आपल्या परंपरेत त्यासाठी अधिक नेमके शब्द आहेत. वनस्पती पाण्यात उकळून आटवली की तिचा 'क्वाथ', म्हणजेच काढा, होतो. तिच्यावर कढत पाणी ओतून, मुरल्यावर गाळले की 'फांट' होतो. आयुर्वेदाने हे दोन्ही कषायाचे प्रकार मानले आहेत. कर्नाटकातील घरांत 'कषाय' हा शब्द आजही रूढ आहे.

पुदिन्याच्या फांटासाठी दहा-बारा ताजी पाने धुऊन चुरावीत, त्यांवर पेलाभर उकळते पाणी ओतावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. झाकण नसल्यास सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. ज्या जातींत मेन्थॉल अधिक असते, त्यांचा गरम घोटही जिभेला गार भासतो. कारण मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. अम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना मात्र पुदिना सोसेलच असे नाही.

चहा सोडावा, असा याचा अर्थ नव्हे. पेयाच्या नावावर न जाता पेल्यात काय आहे आणि ते कोणत्या वेळी घ्यावे, हे जाणणे महत्त्वाचे आहे.

शब्दार्थ
उपचार – रूढीने केलेला शब्दप्रयोग
अंमल – प्रभाव

पाठगत प्रश्न
१. काढा आणि फांट यांतील फरक लिहा.
२. 'पुदिन्याचा चहा' हे नाव फसवे का ठरू शकते?
३. तुमच्या घरी हिवाळ्यात केल्या जाणाऱ्या एका पेयाची कृती पाच-सहा वाक्यांत लिहा.